बोटीने युरोप : हौस मोठी, हिशेब चोख

रविवारचं वर्तमानपत्र उघडावं, तर निळ्याशार समुद्रावर पांढरीशुभ्र बोट आणि शेजारी ठळक अक्षरांत 'सात रात्री, चार देश, अमुक युरोपासून पुढे!' मुलांची शिक्षणं आटोपलेली असतात, घराचे हप्ते फिटत आलेले असतात, लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेली असतात. मग चहाच्या वेळी विषय निघतोच, 'आता एकदा युरोप पाहून येऊ या का?'

आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या गृहिणीला ही बोटीची सफर, म्हणजे क्रूझ, फारच मानवण्यासारखी. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची. रात्री बार्सिलोना सोडून झोपावं, सकाळी जाग यावी ती मार्सेयच्या बंदरात. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे 'आज जेवायला काय करायचं?' हा प्रश्न आठवडाभर दुसऱ्या कुणीतरी सोडवायचा!

पण मैत्रिणींनो, ही हौस पुरवायला पैसा कुठून येतो? कधी मोडलेल्या मुदतठेवीतून, कधी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून, कधी वर्षानुवर्षं भिशीत घातलेल्या पैशांतून. तो हातचा सुटला तर पुन्हा जमवायला तेवढी वर्षं आपल्यापाशी नसतात. म्हणूनच अनामत रक्कम भरण्यापूर्वी एक वही घ्या आणि तिच्यात तीन रकाने आखा : बोटीच्या आधी, बोटीवर आणि बोटीबाहेर. जाहिरातीतला आकडा यांतल्या फक्त पहिल्या रकान्यात बसतो, तोही अर्धाच. मंगल कार्यालयाचं भाडं म्हणजे काही लग्नाचा खर्च नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तेच.

जाहिरात वाचायची कशी?

पहिली गोष्ट, छापलेलं भाडं बहुतेक वेळा एका माणसाचं असतं आणि एका खोलीत दोघं राहतील असं धरून लावलेलं असतं. एकटीने जायचं म्हटलं तर खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. उलट त्याच खोलीत तिसरं-चौथं माणूस, म्हणजे मुलं वगैरे असतील तर त्यांचं भाडं बरंच कमी पडतं.

दुसरं म्हणजे 'पासून पुढे' या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची आतली खोली. तिला नाक मुरडू नका हं! दिवसभर आपण बाहेरच असतो, खोली फक्त झोपायला आणि कपडे बदलायला. शिवाय ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागची खोली सगळ्यात चांगली. तिथे हेलकावे कमी जाणवतात आणि पैसेही कमी पडतात. खाजगी सज्जासाठी जे जास्तीचे पैसे द्यावे लागतात, त्यांत आणखी दोन शहरं नीट पाहून होतात.

तिसरं, भाड्यात काय नाही ते विचारा. बंदरांचे कर धरले आहेत का? नोकरवर्गाची बक्षिसी धरली आहे का? मुंबईहून विमानाचं येणं-जाणं? विमा? व्हिसा? आणि हे सगळं कंपनीकडून किंवा एजंटाकडून लेखी घ्या. 'वहिनी, सगळं इन्क्लूडेड आहे' हे फोनवरचं बोलणं वहीत लिहिता येत नाही.

केव्हा जावं?

भूमध्य समुद्रातल्या सफरींचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातले जुलै-ऑगस्ट म्हणजे तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या. भाडी चढलेली, गर्दी मरणाची, आणि दक्षिण युरोपात ऊनही रणरणतं. आपलं नशीब असं, की आपली उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात येते. तेव्हा तिकडे हवा छान असते आणि दरही शिगेला पोचलेले नसतात. ऑक्टोबरही स्वस्त पडतो, फक्त दिवस लहान होत जातो आणि समुद्र थोडा खवळू लागतो.

आणखी एक. बोट सुटते त्याच दिवशी पोचणारं विमान घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर बोट आपल्यासाठी थांबत नाही. एक रात्र आधी पोचून साध्या हॉटेलात मुक्काम करणं हा उधळेपणा नव्हे, तो या सफरीचा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

व्हिसा : किती वेळा आत, किती वेळा बाहेर?

युरोपातल्या २९ देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. ११ जून २०२४ पासून त्याची फी मोठ्यांना ९० युरो झाली, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण मे महिन्याच्या तोंडावर इकडे तारखा मिळत नाहीत, तेव्हा तीन-चार महिने आधीच कामाला लागावं. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. तो घेताना बोटीच्या प्रवासाला लागू आहे का, हे जरूर विचारा. बोटीवरच्या डॉक्टरची फी भाड्यात नसते. ती थेट आपल्या बिलात चढते.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे सर्वांत अधिक दिवस तिथे. दिवस सारखेच असतील तर जिथे आपण प्रथम पाऊल ठेवणार तिथे. आणि बोटीच्या प्रवासातली खरी गोम इथेच आहे. समजा तुमची बोट ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येणार आहे, किंवा वाटेत माँटेनेग्रोला थांबणार आहे. हे देश शेंगेनमध्ये नाहीत. म्हणजे तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येणार. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे कामाचा नाही, अनेक प्रवेशांचा मागावा लागतो. त्या मधल्या देशाचा स्वतःचा नियमही आधी विचारून ठेवावा. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या बोटीसाठी तर इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन वेगळा, म्हणजे दोन फिया! स्वस्त वाटलेली सफर अशी महाग पडते.

शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या दिवशी विमानतळावर त्याचा थोडा वेळ धरा.

पैसे न्यावेत कसे?

सगळे पैसे एका पाकिटात आणि ते पाकीट यजमानांच्या मागच्या खिशात, ही आपली नेहमीची पद्धत. युरोपात ती घातक आहे. बार्सिलोनाचा रांब्लास रस्ता, रोमच्या गर्दीच्या बस, अथेन्सची मेट्रो या जागा खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणून दोघांच्या नावे वेगवेगळी कार्डं हवीत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला हवीत. ज्या मैत्रिणीचं स्वतःच्या नावाचं कार्ड नाही तिने या निमित्ताने बँकेत जाऊन ते घ्यावं. परक्या देशात घटकाभर चुकामूक झाली आणि आपल्या हाती एक युरोही नसला, तर काय अवस्था होईल याचा विचार करा!

नियम असे. परदेशी नोटा एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, बाकीचे कार्डावर. मनी चेंजरला ५०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येतात, त्यापुढचे चेकने किंवा कार्डाने. एवढ्या नोटा न्यायची गरजही नसते. दोघांत दोन-तीनशे युरो पुरेत, तेही पाच-दहा-वीसच्या नोटांत. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी अर्धा-एक युरोची नाणी हाताशी असावीत, ही गोष्ट पुरुषांना आठवत नाही!

साध्या बँक कार्डावर परदेशात खर्च केला की बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के वर लावते. हा दर बँकेकडून आधी विचारून घ्या आणि युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डाशी ताडून पाहा. कार्ड परदेशात चालेल अशी सोय मुद्दाम सुरू करून घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातच चालू स्थितीत मिळतात. दुकानात यंत्राने विचारलं, 'रुपयांत की युरोत?', तर डोळे मिटून युरो म्हणा. रुपये ऐकून आपल्याला बरं वाटतं, पण तो दर त्या यंत्रवाल्याचा असतो, आणि तो आपल्या फायद्याचा क्वचितच असतो.

आता कराचं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी 'टीसीएस' म्हणून काही रक्कम वरून घेते. त्याचे नियम अंदाजपत्रकागणिक बदलत आले आहेत. २०२३ मध्ये दर वाढला, २०२५ मध्ये मर्यादा सात लाखांची दहा लाख झाली. तेव्हा पैसे भरताना त्या वर्षीचा दर विचारा. हा पैसा बुडीत नव्हे बरं का! ज्याच्या पॅन क्रमांकावर तो जमा झाला, त्याला प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो. म्हणजेच पॅन तुमचा दिला असेल तर विवरणपत्रही तुम्हीच भरायला हवं. 'मला कुठे उत्पन्न आहे?' म्हणून गप्प बसलात तर हक्काचे हजारो रुपये सरकारजमा राहतील.

बोटीवरचा गळका नळ

बोटीवर पाऊल ठेवताच एक कार्ड हाती देतात. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही! आपलं बँकेचं कार्ड तिला जोडलेलं असतं. त्यामुळे पैसे जाताना दिसत नाहीत. वाण्याकडच्या खात्यासारखंच, महिन्याच्या शेवटी डोळे उघडतात.

बक्षिसी दर माणशी दर रात्री आपोआप चढते. युरोपीय कंपन्यांच्या बोटींवर ती साधारण दहा ते पंधरा युरो असते. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर हिशेबच डॉलरमध्ये असतो आणि रक्कमही अधिक. जेवण भाड्यात असतं, पण टेबलावर येणारी पाण्याची बाटली, बारमधली कॉफी, सरबतं आणि खास उपाहारगृहं यांचे पैसे बहुतेक बोटींवर वेगळे. बुफेच्या दालनात पाणी आणि चहा केव्हा फुकट मिळतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पेयांचं पॅकेज विकायला हसतमुख पोरं पुढे येतात. दोघं मिळून दिवसाला किती पेले पिणार याचा गुणाकार करा, मगच हो म्हणा.

फोटोवाले फोटो काढतात ते फुकट, घेतलात तर विकत. इंटरनेट वेगळं. आणि मोबाइल! खोल समुद्रात तो बोटीच्या उपग्रहाच्या जाळ्याला आपण होऊन जोडला गेला, तर मिनिटागणिक दर लागतो. बंदर सुटलं की फोन विमानप्रवासाच्या स्थितीत टाका. नातवंडांसोबत असाल तर त्यांच्या कार्डावरची उधारी स्वागतकक्षात सांगून बंद करून टाका.

बोटीवर काही रक्कम आधीच अडकवून ठेवतात, म्हणून तिथे क्रेडिट कार्ड जोडावं. फॉरेक्स कार्ड जोडलंत तर त्यातले युरो सफर संपल्यावरही काही दिवस अडकून पडतात. दर दोन दिवसांनी बिल तपासत जा. शेवटच्या सकाळी स्वागतकक्षापुढे मोठी रांग लागते आणि चूक काढायला वेळ मिळत नाही.

'रोम' म्हणजे रोम नव्हे

तिसरा रकाना बोटीबाहेरचा. माहितीपत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, रेल्वेने साधारण तासाभराचं. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो बंदर, फ्लॉरेन्स तिथून सुमारे ९० किलोमीटर. मात्र पिसाचा कलता मनोरा अगदी जवळ. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर! 'व्हेनिस' तर नीट विचारून घ्या. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे कित्येक बोटी मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेनाला लागतात. उलट नेपल्सला बोट थेट शहरातच लागते आणि पिरेयसहून अथेन्स मेट्रोने जवळ आहे.

म्हणून सोपा नियम करा. शहर जवळ असेल तर आपलं आपण हिंडा, लांब असेल तर बोटीची सहल घ्या. बोटीची सहल महाग पडते, पण तिला परतायला उशीर झाला तर जबाबदारी कंपनीची असते. आपण स्वतंत्र गेलो आणि चुकलो, तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. बोट सुटण्याच्या बराच आधी आत यावं लागतं, ती वेळ कागदावर लिहून घ्या. इटलीहून ग्रीसला गेलं की घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा बोटीची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एकच आहे का, हेही पाहा.

वार पाहायला विसरू नका. फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. सेंट पीटर्सचं मोठं चर्च मात्र विनामूल्य आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आपल्या साडीला आणि पंजाबी ड्रेसला मज्जाव नाही! रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. रिकामी बाटली जवळ ठेवली की पाण्याचे पैसे वाचतात. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, खुर्चीत बसलं की भाव वाढतो.

सांतोरिनीला बोट खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होडीतून किनारा गाठावा लागतो. कोकणच्या बोटीचे दिवस आठवणाऱ्या सासूबाईंना याचं नवल वाटणार नाही! तिथे आणि मिकोनोसला जुलै २०२५ पासून बोटीच्या प्रवाशांवर कर आहे, ऐन हंगामात माणशी २० युरो.

खाऊ आणि सामान

पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साधी बिस्किटं, चिवडा, शेंगदाण्याची चटणी पुरे. शाकाहाराचं किंवा जैन जेवणाचं आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटी शेगडी नेऊ नका. आगीच्या भीतीने ती बोटीवर काढून घेतात. सोनं शक्यतो नकोच. नेणार असाल तर निघताना मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क विभागाचा दाखला घ्या, म्हणजे परतताना ते तिकडून आणलेलं नाही हे सिद्ध करावं लागत नाही.

एक नमुना हिशेब

आता वही उघडा. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा जाहिरात आहे माणशी ७०० युरो, सात रात्री.

दोघांचं भाडं १,४००. बंदरांचे कर ३००. बक्षिसी रोज माणशी १२ प्रमाणे १६८. दोन व्हिसे १८०. आधीच्या रात्रीचं हॉटेल १२०. बोटीवरचं पाणी-कॉफी ७०. पाच बंदरांवरचं खाणं १५०. तीन ठिकाणी बोटीच्या सहली, माणशी ७० प्रमाणे ४२०. एकूण २,८०८ युरो, म्हणजे माणशी १,४०४. जाहिरातीतल्या आकड्याच्या दुपटीहून किंचित जास्तच! युरो शंभर रुपयांचा धरला तरी दोन लाख ऐंशी हजार आठशे रुपये झाले. विमान, विमा आणि टीसीएस अजून बाहेरच आहेत.

त्याच तीन ठिकाणी रेल्वेने आपलं आपण गेलात आणि माणशी २५ युरो खर्च झाला, तर ४२० चे १५० होतात. म्हणजे २७० युरो वाचले. वाचवायची खरी जागा ही आहे. आईस्क्रीम न खाऊन काही वाचत नाही! एकूण रकमेवर दहा टक्के अडीअडचणीला बाजूला ठेवा. वादळामुळे एखादं बंदर टाळण्याचा अधिकार कंपनीला असतो, तेव्हा परत न मिळणारी महागडी तिकिटं बेताने काढा.

एवढं करून वहीतली बेरीज आपल्या पुंजीला झेपत नसेल, तर खुशाल एक वर्ष थांबा. युरोप कुठे पळून जात नाही. आणि झेपत असेल, तर मात्र रोज उठून पैशांचा घोर लावून घेऊ नका. हिशेब घरीच झालेला आहे. संध्याकाळी डेकवर जा, खुर्ची ओढा आणि सूर्य समुद्रात बुडेपर्यंत निवांत बसा. त्या खुर्चीचे पैसे लागत नाहीत!